टॅम्पॉन, कप की पॅड? तास आणि पाणी बघून ठरवा

मेडिकलमध्ये पॅड मागितलं की ते कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून मिळतं. किती तासांनी बदलायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. टॅम्पॉनची, म्हणजे आत घालायच्या शोषक बोळ्याची, डबी तर घरात आली तरी आतली चिठ्ठी इंग्रजीत, आणि चित्रातलं शरीर असं काढलेलं की काय कुठे आहे तेच कळू नये. हा लेख पहिल्यांदाच टॅम्पॉन किंवा कप (आत बसवायची मऊ वाटी) वापरणाऱ्या मुली-बायांसाठी आहे. मुलीला काय सांगावं या विचारात पडलेल्या आयांनीही वाचावा.

कुठलं साधन चांगलं, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. दोनच प्रश्न विचारा: पुन्हा आडोसा मिळेपर्यंत किती तास जाणार, आणि हाताशी स्वच्छ पाणी किती आहे? मराठवाड्यात या दोन प्रश्नांची उत्तरं दर गावाला आणि दर महिन्याला बदलतात, म्हणून साधनही बदलायला मोकळं असावं.

1. आधी वाटा ओळखा

खाली तीन वेगवेगळ्या वाटा आहेत. पुढे लघवीचं बारीक छिद्र, मधे योनीमार्ग, मागे शौचाची जागा. पाळीचं रक्त मधल्या वाटेने येतं, बाळंतपणही तिथूनच होतं. टॅम्पॉन आणि कप याच मधल्या वाटेत बसतात, त्यामुळे ते आत असताना लघवी अडत नाही. लग्न होऊन दोन लेकरं झालेल्या बायकांनाही हे कोणी कधी सांगितलेलं नसतं, त्यामुळे माहीत नसण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अंघोळीच्या वेळी हातात छोटा आरसा घेऊन उकिडवं बसा आणि एकदा नीट बघून घ्या. पुढची सगळी कृती त्याने निम्मी सोपी होते.

योनीमार्ग साधारण 7 ते 10 सेंटिमीटर लांब असतो आणि सरळ वर जात नाही, तिरका मागे कमरेच्या मणक्याकडे जातो. त्याच्या टोकाला गर्भपिशवीचं तोंड असतं. त्याचं छिद्र इतकं बारीक की रक्त खाली येतं, पण टॅम्पॉन वर जाऊ शकत नाही. म्हणजे टॅम्पॉन पोटात हरवतो ही भीती निराधार आहे. तो फार तर कोपऱ्यात आडवा होतो आणि बोटांनी सापडतो.

आता आया हमखास विचारतात तो प्रश्न: याने मुलीचं कौमार्य जातं का? नाही. योनीच्या तोंडाशी एक पातळ, लवचीक पडदा असतो आणि त्याला मुळातच उघडी जागा असते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेरच आलं नसतं. हा पडदा काहींचा जाड, काहींचा पातळ, काहींचा जन्मतःच नसल्यासारखा असतो. टॅम्पॉनने तो थोडा ताणला जाऊ शकतो, कधी फाटूही शकतो. पण तो बघून मुलीचा शरीरसंबंध आला होता की नाही, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांच्या चाचणीला (योनीत बोटं घालून असा संबंध तपासायला) 2013 मध्ये बाईच्या खासगीपणावरचा घाला म्हटलं, आणि 2022 मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं असं बजावलं.

पाळीचं गणित थोडक्यात असं. पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. मोठ्या बायकांत 21 ते 35 दिवस आणि पाळी सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झालेल्या मुलींत 21 ते 45 दिवस नेहमीचे धरतात. रक्तस्राव 2 ते 7 दिवस. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिली रक्त जातं. 15 मिलीचा मोठा चमचा धरला तर दोन-अडीच चमचे. कपड्यावर पसरल्यावर ते खूप दिसतं, म्हणून घाबरायला होतं. 80 मिलीच्या वर गेलं तर मात्र ती जास्तीची पाळी समजायची.

टॅम्पॉनला वयाची अट नाही. पहिल्या पाळीपासून वापरता येतो. मुलीची इच्छा हवी आणि तिला घाई करू नये, एवढंच.

2. तास आणि पाणी यांचा हिशोब

गावाकडून तालुक्याच्या कॉलेजला एसटीने जाणारी मुलगी सकाळी सातला निघते आणि संध्याकाळी पाचला घरी येते. दहा तास झाले. टॅम्पॉन 4 ते 8 तासांत बदलायचा असतो, त्यामुळे कॉलेजात एकदा तरी बदलण्याची सोय हवी: कडी लागणारं बाथरूम, एक बाटली पाणी, साबण. ती नसेल तर टॅम्पॉन तुमच्यासाठी नाही. कप 12 तास चालतो, तो इथे कामाला येतो.

एप्रिल-मे महिन्यात टँकर तीन-चार दिवसांनी येतो, अशी गावं आपल्या आठही जिल्ह्यांत आहेत. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा शहरातल्या बायकाही या हिशोबातून सुटल्या नाहीत. कापडी पॅड चांगलंच, पण दिवसाचे तीन पॅड नीट धुवायला एक बादली सहज लागते. टॅम्पॉनला फक्त हात धुण्यापुरतं पाणी लागतं, आधी आणि नंतर मिळून एक तांब्या. कपालाही रोज तेवढंच, आणि महिन्यातून दोनदा उकळायला लहान गंजभर (पातेलंभर).

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. फडात आडोसा नाही आणि राहायच्या कोपीवर न्हाणी नाही. तिथे कप सगळ्यात सोयीचा पडतो, पण नवी गोष्ट फडात शिकायची नाही. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात. त्याआधी निदान दोन पाळ्या घरी सराव करा. जमलं तर न्या, नाही जमलं तर पॅडचा साठा बांधून घ्या. तिकडे अडल्यावर मुकादमाला सांगून काही मिळत नाही.

रात्री झोप आठ तासांच्या पुढे जाणार असेल तर पॅड लावा. एकाच पाळीत दिवसा टॅम्पॉन आणि रात्री पॅड, असं खुशाल चालतं.

3. काय काय जमवायचं

- टॅम्पॉन: पाच दिवस, दिवसाला चार, म्हणजे 20. रात्री पॅड वापरणार असाल तर 15 पुरतात.
- पहिल्या दोन महिन्यांसाठी पातळ पॅड किंवा जाडसर फडकं. सुरुवातीला गळतंच.
- साबण, नखं कापायला नेलकटर, लहान आरसा.
- जुनी वर्तमानपत्रं किंवा कागदी पिशव्या, गुंडाळून टाकायला.
- मोबाइलवर गजर. ही ऐच्छिक गोष्ट नाही.
- झाकणाचा कोरडा डबा. न्हाणीघरात ओल असते. वेष्टन फाटलेला किंवा ओला झालेला टॅम्पॉन वापरायचा नाही.

टॅम्पॉन म्हणजे दाबून बसवलेला कापूस किंवा व्हिस्कोसचा बोटाएवढा बोळा, आणि शेवटी शिवलेला दोरा. काहींना घालायची नळी असते. आपल्याकडच्या दुकानांत बहुधा बिननळीचे मिळतात, ते बोटाने घालायचे. डबीवर शोषण्याची ताकद लिहिलेली असते: लाइट म्हणजे 6 ग्रॅमपर्यंत, रेग्युलर 6 ते 9, सुपर 9 ते 12. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात, पण थेंबांची चित्रं असतात. कमी थेंब म्हणजे कमी शोषण. सुरुवात सगळ्यात कमी थेंबाने करायची. मोठा घेतला तर जास्त वेळ चालेल, हा हिशोब चुकीचा आणि धोक्याचा आहे. तास तेवढेच राहतात.

दुकानात नसेल तर मेडिकलवाल्याकडून मागवून घेता येतो. 2018 च्या जुलैपासून पॅड आणि टॅम्पॉनवर जीएसटी नाही, तरी टॅम्पॉन पॅडपेक्षा महागच पडतो. परवडत नसेल तर ओढून-ताणून घेऊ नका. जनऔषधी केंद्रात सुविधा पॅड एक रुपयाला एक मिळतं, आणि वेळेवर बदललेलं एक रुपयाचं पॅड दहा तास ठेवलेल्या महागड्या टॅम्पॉनपेक्षा चांगलं.

4. घालायची कृती

पहिला प्रयत्न पाळीच्या दुसऱ्या दिवशी करा, रक्त जास्त असताना. शेवटच्या दिवशी आत कोरडं असतं, टॅम्पॉन अडतो, दुखतं आणि मग कायमची धास्ती बसते. कॉलेजला जायच्या गडबडीत नको, सुट्टीच्या दिवशी करा.

- साबणाने हात धुवा, अंगठा आणि नखांच्या खालीसुद्धा. कोरडे करा. हाताला मिरची लागलेली असेल तर दोनदा धुवा.
- वेष्टन काढा. दोरा ओढून बघा, पक्का आहे ना. दोरा पूर्ण खाली सोडा.
- उकिडवं बसा. आपल्याला देशी संडासची सवय आहे, त्यामुळे ही बैठक सगळ्यात सोपी जाते. नाहीतर उभं राहून एक पाय पालथ्या बादलीवर ठेवा.
- एका हाताने बाहेरच्या पाकळ्या बाजूला करा. दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि मधल्या बोटात टॅम्पॉन दोऱ्याच्या बाजूने धरा.
- टोक मधल्या वाटेवर ठेवा आणि कमरेच्या मणक्याच्या दिशेने, तिरकं मागे ढकला. सरळ वर ढकललं तर पुढच्या भिंतीला अडतं. दहापैकी नऊ वेळा "जातच नाही" याचं कारण हेच असतं.
- मग तर्जनीने बुडाशी दाबत बोट जवळजवळ पूर्ण आत जाईपर्यंत सरकवा.
- दोरा बाहेर राहिला पाहिजे. हात धुवा.

नीट बसला की काहीच जाणवत नाही. चालताना टोचल्यासारखं झालं तर तो अर्धवट आत आहे. तोंडाशी नसा जास्त असतात, वर कमी असतात. बोटाने आणखी थोडा आत सरकवा, नाहीतर काढून नवा घाला. काढलेला पुन्हा घालायचा नाही.

अंग आवळून धरलं तर वाट बंद होते. लांब श्वास सोडा आणि श्वास सोडतानाच ढकला. तीनदा प्रयत्न करून जमलं नाही तर त्या दिवशी थांबा. टोकाला पाण्याचा आधार असलेली जेली लावली तर चालते, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नको. चार-पाच पाळ्या प्रयत्न करूनही भिंतीला धडकल्यासारखं वाटत असेल किंवा बोटही जात नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पडद्याची ठेवण वेगळी असते किंवा स्नायू आपोआप आवळले जातात. दोन्हीवर उपचार आहेत.

लघवीला जाताना टॅम्पॉन काढायची गरज नाही, दोरा बाजूला धरा. शौचाला जोर केल्यावर तो खाली सरकू शकतो. दोरा खराब झाला तर बदला. विहिरीत किंवा तलावात पोहता येतं, पण बाहेर आल्यावर लगेच बदला, कारण दोरा पाणी ओढतो.

5. काढायची कृती

हात धुवा, उकिडवं बसा, दोरा ज्या तिरक्या दिशेने घातला त्याच दिशेने हळू ओढा. सहज निसटून येतो. ओढताना कोरडा घासला आणि बाहेर आल्यावर अर्धा पांढरा दिसला, तर रक्त कमी आहे: पुढचा कमी थेंबाचा घ्या किंवा पॅडवर या. चार तासांच्या आतच गळत असेल तर एक थेंब वाढवा.

दोरा सापडत नाही? घाबरू नका, तो बहुतेक आत वळलेला असतो. उकिडवं बसून शौचाला करतो तसा हलका जोर करा आणि धुतलेली दोन बोटं आत घालून चाचपा. बोळा हाताला लागतो. चिमटा, पिन, काडी असलं काहीही घालायचं नाही. नाही सापडला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टरांचं पाच मिनिटांचं काम असतं.

पाळीच्या शेवटी हमखास एक चूक होते: शेवटचा टॅम्पॉन विसरला जातो, किंवा आत एक असताना दुसरा घातला जातो. तीन-चार दिवसांनी कुजका वास आणि तपकिरी पाणी सुरू होतं. बाई बिचारी त्याला पांढरं जाण्याचं दुखणं समजून गोळ्या खात बसते. असं झालं तर आधी बोटाने तपासा.

कापसाचा बोळा किंवा फडक्याची सुरळी करून टॅम्पॉनसारखी आत घालणं पूर्ण चुकीचं आहे. धागे आत सुटतात, दोरा नसतो आणि काढताना तुकडे राहतात.

6. आठ तास म्हणजे आठच तास

टॉक्सिक शॉक सिंड्रोम हे नाव डबीवर छापलेलं असतं. आजार फार विरळ आहे, पण झाला तर काही तासांत जीवावर बेततो. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जंतू अनेकांच्या अंगावर एरवीही असतात. रक्ताने भिजलेला बोळा फार वेळ आत राहिला तर ते वाढून विष सोडू शकतात, आणि ते विष रक्तात गेलं की रक्तदाब कोसळतो. 1980 च्या सुमारास अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या अनेक बायका यात दगावल्या. त्यानंतरच कमी शोषणाचा आणि डबीवर इशारा छापायचा नियम आला.

टॅम्पॉन आत असताना किंवा नुकताच काढल्यावर पुढचं काही झालं तर वेळ घालवू नका: अचानक 102 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, उलट्या, जुलाब, उभं राहिल्यावर चक्कर, उन्हाने भाजल्यासारखं लाल अंग, स्नायूंत प्रचंड दुखणं. टॅम्पॉन काढा, 108 ला फोन करा, आणि डॉक्टरांना न लाजता पहिलं वाक्य सांगा: "पाळी चालू आहे आणि टॅम्पॉन वापरत होते." पावसाळ्यात आपल्याकडे ताप आणि लाल पुरळ म्हटलं की पहिला संशय डेंग्यूचा जातो. तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरांना कळायला मार्ग नाही.

टॅम्पॉन कोणी वापरू नये? बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर पहिले सहा आठवडे कोणीही नाही. योनीत खाज, जंतुसंसर्ग किंवा डॉक्टरांनी आत ठेवायला दिलेल्या गोळ्या चालू असतील तर नाही. टॉक्सिक शॉक सिंड्रोम आधी झालेला असेल तर कधीच नाही. आणि नुसतं पांढरं जातं म्हणून, पाळी नसताना, अजिबात नाही. कॉपर-टी असेल तर चालतो, फक्त काढताना टॅम्पॉनचाच दोरा हातात आहे याची खात्री करा.

7. कप घेतलात तर

कप म्हणजे वैद्यकीय सिलिकॉनची मऊ वाटी. 20 ते 30 मिली रक्त मावतं. काहीशे रुपयांना येतो आणि नीट ठेवला तर काही वर्षं टिकतो, म्हणून शेवटी सगळ्यात स्वस्त तोच पडतो. शिकायला मात्र दोन-तीन पाळ्या लागतात. साधारणपणे बाळंतपण न झालेल्यांना लहान आणि झालेल्यांना मोठा माप, पण पिशवीचं तोंड खाली असलेल्यांना आखूड कप लागतो. पाळीत बोट घालून बघा. पहिल्या-दुसऱ्या पेरालाच नाकाच्या शेंड्यासारखं टणक काही लागलं तर तोंड खाली आहे.

घडी घालून तिरका मागे घालायचा, आत सोडला की उघडतो. बुडाशी बोट फिरवून बघा, चपटा लागला तर उघडलेला नाही आणि गळणार. काढताना नुसती दांडी ओढायची नाही. बूड चिमटीत दाबून हवा सोडायची आणि मग काढायचा. हवा न सोडता ओढला तर आत ओढ बसते, दुखतं आणि कॉपर-टी असेल तर ती जागची हलू शकते. कॉपर-टी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पाळीच्या आधी आणि नंतर उकळत्या पाण्यात 5 मिनिटं. स्वयंपाकाचा गंज नको, वेगळं लहान भांडं ठेवा, म्हणजे घरात वादही होत नाही. पाणी भरपूर घ्या. आटलं आणि कप बुडाला लागला की सिलिकॉन जळतं. बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग पडतात, त्याने काही बिघडत नाही, पण कडेची बारीक छिद्रं पाण्याने दाबून मोकळी करा. ती बुजली तर कप नीट बसत नाही. ठेवायला सुती पिशवी, हवाबंद डबा नको. बाहेर पाणी नसेल तर रिकामा करून कागदाने पुसून पुन्हा घालता येतो, घरी आल्यावर धुवा. हात मात्र पिण्याच्या बाटलीतलं पाणी घेऊन का होईना, आधी धुवायचेच.

8. पॅड आणि कापड

पॅड भरलेलं नसलं तरी 4 ते 6 तासांनी बदला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने मांड्या सोलतात, पुरळ येतं, बुरशी लागते. कापड वापरत असाल तर सुती घ्या, गार पाण्यात अर्धा तास भिजवा (गरम पाण्याने डाग पक्का बसतो), साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. साडीखाली लपवून सावलीत वाळवलेलं दमट कापड हे खाजेचं सगळ्यात मोठं कारण असतं. दोरीवर कापड दिसलं तर दिसू द्या.

खालची जागा फक्त बाहेरून, साध्या पाण्याने, पुढून मागे धुवायची. डेटॉल, अत्तर, जाहिरातीतली द्रावणं आत घालू नका. योनी स्वतःला स्वच्छ ठेवते, औषधाने तिथले चांगले जंतू मरतात. पाळीत डोक्यावरून अंघोळ चालते. लोणचं खाल्लेलं चालतं, आणि शिवल्याने ते नासतही नाही.

9. वापरलेलं टाकायचं कुठे

संडासात कधीच नाही. शोषखड्ड्याच्या संडासात पॅड कुजत नाही, पाइप तुंबतो, आणि मग खड्डा उपसताना ते कुणाच्या तरी हाताला लागतं. कागदात गुंडाळा, वर लाल पेनाने ठळक खूण करा आणि घंटागाडीत सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळं द्या. नुसत्या कागदात द्यायचं, कॅरीबॅगमध्ये नाही. घंटागाडी नसलेल्या गावात सुती टॅम्पॉन आणि कापड विहीर-हापशापासून लांब, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं खोल पुरता येतं. पॅडला प्लास्टिक असतं, ते कुजत नाही. ते चुलीत घालू नका, तो धूर स्वयंपाक करणारीच्याच छातीत जातो. शाळेत किंवा आरोग्य केंद्रात पॅड जाळायचं यंत्र असेल तर तिथे द्या.

10. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या

महालक्ष्म्या, तुळजापूरचं नवरात्र, घरचं लग्न किंवा वारी आली की मेडिकलमध्ये या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागितल्या जातात. त्यात नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. पाळीच्या अंदाजे तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी सुरू झाल्यावर घेतली तर उपयोग नाही, आणि याने गर्भ राहणं टळत नाही. आधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग किंवा दिवस गेल्याची शंका असलेल्यांनी घेऊ नयेत. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर गोळी बंद करून थेट रुग्णालयात जा. आमचं स्पष्ट मत असं की देवीच्या दारी जायला गोळीची गरज नसते, पण निर्णय तुमचा आहे.

11. डॉक्टरकडे कधी, आणि काय घेऊन

ओटीपोट आणि कंबर पहिले एक-दोन दिवस दुखणं नेहमीचं. गरम पाण्याची पिशवी, चालणं, आणि जेवणानंतर दुखणं थांबवणारी गोळी पुरते. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड रिकाम्या पोटी नको, आणि दमा किंवा अल्सर असलेल्यांनी विचारूनच. गोळी घेऊनही शाळा-काम बुडत असेल तर ते "बाईच्या जन्माचे भोग" म्हणून सोसू नका, दाखवा.

दाखवायची इतर कारणं: तासाला एक पॅड भरतं आणि असं दोन तासांहून जास्त चालतं. दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात. सात दिवसांहून जास्त जातं. दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसतं. मुलगी 15 वर्षांची होऊन पाळी आली नाही. पाळी कायमची थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात जा. आणि पाळी चुकली तर बाकी तपासण्यांच्या आधी गरोदरपणाची चाचणी.

सोबत न्यायचं: तीन महिन्यांच्या तारखा आणि रोज किती पॅड किंवा टॅम्पॉन लागले ते लिहिलेली वही, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, जुने सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि रेशनकार्ड. बहुधा हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी सांगतात. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात. त्या चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौच काळी होते, ते ठीक आहे. शाळेत आणि अंगणवाडीत किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते ती हीच, टाकून देऊ नका. मुलींना मोकळेपणाने बोलायचं असेल तर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, आशाताईंना विचारा.

आता पिशवी काढण्याबद्दल. अंगावरून पांढरं जातं, पाळीत पोट दुखतं, पिशवीला सूज आहे, "पुढे कॅन्सर होईल", असं सांगून तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, हे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत उघड झालं. 2019 मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जाणं गोळ्यांनी बरं होतं. जास्तीच्या पाळीवरही गोळ्या आणि पिशवीत बसवायचं संप्रेरकाचं साधन असे उपाय आधी असतात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याच्या त्रासांची सुरुवात लगेच होते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात.

कोणी ऑपरेशन सांगितलं तर तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून मागा: नेमका आजार काय? औषधाने काय करून बघितलं? अंडाशयं ठेवणार की काढणार? मग दुसरं मत घ्या. संभाजीनगरला घाटी रुग्णालय, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. स्त्रीरोग विभागाची ओपीडी सकाळी असते, लवकर निघा. रिपोर्टची झेरॉक्स द्या, मूळ कागद आणि सोनोग्राफीच्या फिल्म स्वतःच्या पिशवीत ठेवा.